हवा कुठून घेते आहे?

ऑक्सफर्डशायरमधल्या वाँटेज गावातून पश्चिमेला ॲशबरीकडे जाणारा बी ४५०७ हा रस्ता टेकड्यांच्या पायथ्याशी बिलगून जातो. डाव्या हाताला खडूच्या मातीची गवताळ टेकडी, उजव्या हाताला दूरवर पसरलेली सपाट शेती, आणि अधूनमधून अशी काही वळणे की दुसऱ्या गिअरमध्ये उतरून पुन्हा पाय दाबल्याशिवाय गत्यंतर नसते. माझी १९७० सालची एमजीबी, ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, नेमकी तिथेच अडखळू लागली. ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच घडत नसे, जणू पायरी आहे असे समजून पाऊल टाकावे आणि खाली जमीनच नसावी; मग एकदम शिंकल्यासारखा आवाज होऊन गाडी उचल घेई. लाल दिव्याला उभी असताना इंजिनाचा सूर आपोआप वरखाली होई. त्यातच एका महिन्यात पेट्रोलचा खर्च डोळ्यांत भरण्याइतका वाढला.

जवळच्या एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. बॉनेट उघडून त्या गृहस्थांनी हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या दोन्ही एसयू कार्ब्युरेटरांकडे अशा नजरेने पाहिले, जशी घरातल्या कर्त्या मुलाने आजोबांच्या जुन्या ट्रंकेकडे पाहावी, आणि निदान सांगितले : "हे काढून टाका. एकच ४५चा वेबर बसवा. गाडी ओळखू येणार नाही." वेबर म्हणजे शर्यतीच्या गाड्यांत गाजलेला इटालियन कार्ब्युरेटर. कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड, केबल, एअर फिल्टर आणि रोलिंग रोडवरचे, म्हणजे गाडी रोलरांवर जागच्या जागी पळवून करायचे, ट्यूनिंग मिळून त्यांनी दिलेला आकडा ऐकून मी वही मिटली. तरीही घरी परतताना माझ्या डोक्यात खर्च नव्हता, वेबर होता. हे आधीच कबूल केलेले बरे, कारण पुढचे तीन महिने मी जे काही वाचले, मोजले आणि उघडून पाहिले, ते सगळे स्वतःला वेबरचे कारण मिळवून देण्यासाठीच होते.

या गाडीशी माझे नाते कोल्हापुरातून सुरू होते, असे इथल्या लोकांना सांगितले की ते सौजन्याने हसतात. पण ती खरी गोष्ट आहे. माझ्या काकांकडे ॲम्बॅसेडर होती, आणि ॲम्बॅसेडर म्हणजे ऑक्सफर्डच्या काउली कारखान्यातली मॉरिस ऑक्सफर्ड, जी पुढे बंगालमधल्या उत्तरपाड्यात २०१४ पर्यंत बनत राहिली. तिच्यातले १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, ज्या बी-सिरीज घराण्यातले, त्याच घराण्यातले १७९८ सीसीचे थोरले भावंड काउलीपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या ॲबिंग्डन गावात १९६२ ते १९८० या काळात एमजीबीमध्ये बसवले जात होते. मी पहिल्यांदा एमजीबीचे बॉनेट उघडले तेव्हा टॅपेट कव्हरचा आकार, डिस्ट्रिब्युटरची जागा, डायनॅमो-बिनॅमो काही न कळणाऱ्या वयात शिवाजी उद्यमनगरातल्या गॅरेजात बाकावर बसून पाहिलेली ती सगळी मांडणी ओळखीच्या माणसासारखी समोर आली. फरक एवढाच, की काकांच्या गाडीला एक एसयू होता आणि हिला दोन.

एसयू कार्ब्युरेटर समजावून सांगायचा तर मला पंपाच्या स्टोची आठवण काढावी लागते. ज्यांच्या घरी तो होता त्यांना स्टोची पिन ठाऊक असेल : पत्र्याच्या पट्टीच्या टोकाला बसवलेली केसासारखी तार, जिने जेटचे भोक साफ करायचे. भोकात कचरा अडकला की स्टो भकभकतो, तेल जास्त आणि हवा कमी झाली की ज्योत पिवळी पडून भांड्यांचे बूड काळे होते. आता अशी कल्पना करा की ती पिन साफसफाईनंतर काढून न घेता कायमची भोकात ठेवली आहे, ती खाली निमुळती आहे, आणि चूल जितकी हवा ओढील तितकी ती पिन आपोआप वर उचलली जाऊन भोक मोकळे होते. एसयूचे सारे मर्म एवढेच आहे. इंजिन हवा ओढते, त्या ओढीने घंटेच्या आकाराच्या डब्यातला पिस्टन वर उचलला जातो, हवेची वाट रुंद होते, आणि पिस्टनच्या बुडाला लावलेली निमुळती सुई जेटमधून वर सरकून त्या प्रमाणात जास्त पेट्रोल सोडते. हवेचा वेग जवळपास स्थिर राहतो, वाटेची रुंदी बदलते. सुईच्या निमुळतेपणातच इंजिनाच्या प्रत्येक वेगाचे मिश्रण लिहिलेले असते, म्हणून एसयूचे ट्यूनिंग म्हणजे योग्य सुई शोधणे.

यातली सर्वांत साधी आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे पिस्टनच्या पोकळ दांड्यातले तेल. वरची टोपी फिरवून काढली की तिला जोडलेली एक बारीक काडी बाहेर येते, आणि त्या नळीत, म्हणजे डॅशपॉटात, चमचाभर पातळ तेल असावे लागते. आपण अचानक ॲक्सिलरेटर दाबला की हे तेल पिस्टनला झटकन वर जाऊ देत नाही. तेवढ्या क्षणापुरती हवेची वाट अरुंद राहते, जेटवरची ओढ वाढते आणि मिश्रण थोडे दाट होते. इतर कार्ब्युरेटरांना ज्या कामासाठी वेगळा पंप लागतो, ते काम इथे चमचाभर तेल करते.

या यंत्राचे जन्मदाते स्किनर बंधू होते आणि एसयू ही अक्षरे 'स्किनर्स युनियन' यावरून आली. स्किनरांचे घराणे लंडनमधल्या चपलाबुटांच्या व्यापारातले; म्हणूनच की काय, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या त्यांच्या पहिल्या कार्ब्युरेटरांत पिस्टनच्या जागी चामड्याचा भाता होता. लोहाराच्या भात्याचे हे धाकटे रूप पुढे धातूचे झाले, आणि १९२६ साली विल्यम मॉरिस यांनी कंपनीच विकत घेतली. मॉरिस यांच्याच ऑक्सफर्डमधल्या मॉरिस गॅरेजेसमधून एमजी हे नाव निघाले, त्यामुळे एमजीवर एसयू असणे ही निवड होती त्याहून अधिक घरगुती व्यवस्था होती. हे लक्षात आल्यावर माझ्या मनातला मूळपणाचा मुद्दा जरा सैल झाला. घरचाच वाणी असला की माल तिथूनच येतो. तो उत्तमच असतो असे त्यातून सिद्ध होत नाही.

वेबरची कुळकथा निराळी. एदोआर्दो वेबर यांनी १९२३ मध्ये इटलीतल्या बोलोन्यात कारखाना काढला, आणि त्यांच्या आडव्या, दुहेरी नळीच्या डीसीओई कार्ब्युरेटराने पुढे शर्यतींच्या जगावर राज्य केले. हा एसयूच्या अगदी उलट विचाराचा आहे. इथे हवेची वाट ठरावीक मापाची असते आणि तिचा गळा एका जागी आवळलेला असतो; हवा जितकी जास्त, तितका त्या गळ्यातला वेग जास्त आणि तितकी पेट्रोलवरची ओढ जास्त. पण ही ओढ सरळ रेषेत वाढत नाही, म्हणून तिला ताळ्यावर आणण्यासाठी सुट्या भागांची एक पलटणच लागते : मंद चालीचा जेट वेगळा, मुख्य जेट वेगळा, हवेने मिश्रण पातळ करणारा जेट वेगळा, त्यांच्यामधली भोकाभोकांची नळी वेगळी, आणि अचानक दाबलेल्या पायासाठी पेट्रोलची पिचकारी मारणारा पंप वेगळा. यातला प्रत्येक भाग वेगवेगळ्या मापांत मिळतो आणि स्क्रूड्रायव्हरने दोन मिनिटांत बदलता येतो. जाणत्याच्या हातात हे स्वातंत्र्य आहे, माझ्यासारखीच्या हातात डबीभर पितळी प्रश्न.

आणि तरीही वेबर मला हवा होता. त्याची दोन तुतारीसारखी तोंडे, त्यांवरची कोरीव अक्षरे, आणि पाय दाबताच हवा आत शिरताना होणारा तो घशातून आलेला घनगंभीर आवाज. इथल्या एका जुन्या गाड्यांच्या मेळ्यात वेबर लावलेली एमजीबी माझ्या शेजारून गेली होती, आणि त्या आवाजाने मी हातातला चहा सांडला होता. शिवाय वेबरच्या बाजूने एक भक्कम मुद्दाही होता. ॲबिंग्डनच्या कारखान्याचा स्वतःचा स्पेशल ट्यूनिंग विभाग होता, आणि शर्यतीसाठी गाडी सजवू इच्छिणाऱ्यांना तो विभागच ४५ डीसीओई वेबर आणि त्याचे मॅनिफोल्ड देत असे. तेव्हा वेबर लावणे म्हणजे गाडी बाटवणे, हा काही शुद्धतावाद्यांचा सूर मला कधीच पटला नाही. प्रश्न एवढाच उरत होता, की त्या विभागाने वेबर ज्या इंजिनांवर बसवला तशी माझ्या इंजिनाची अवस्था आहे का.

इथे मला हेडचा, म्हणजे सिलिंडरांवर बसणाऱ्या आणि हवेच्या वाटा असलेल्या झाकणाचा, विचार करावा लागला, आणि खरे म्हणजे सगळ्या निर्णयाचे मूळ तिथेच आहे. बी-सिरीजच्या हेडखाली चार सिलिंडर आहेत, पण हवा आत जायची दारे दोनच. पहिला आणि दुसरा सिलिंडर एका दाराने श्वास घेतात, तिसरा आणि चौथा दुसऱ्या. बाहेर जाण्याची दारे तीन. त्यांतल्या मधल्या दारातही दोघांचा वाटा. एवढेच नव्हे, तर आत आणि बाहेर जाणारी सगळी दारे इंजिनाच्या एकाच बाजूला आहेत, त्यामुळे कार्ब्युरेटर एक्झॉस्टच्या तापलेल्या नळ्यांच्या डोक्यावर बसतात आणि मध्ये फक्त पत्र्याचा एक आडोसा असतो. जुन्या चाळीत दोन बिऱ्हाडांना मिळून एक नळ असावा आणि तोही चुलीच्या वर, अशी ही मांडणी आहे.

आता या सिलिंडरांची पाळी पाहा. त्यांचा क्रम १, ३, ४, २ असा आहे आणि मग पुन्हा १. म्हणजे दुसऱ्या सिलिंडरच्या पाठोपाठ लगेच पहिल्याची पाळी येते, आणि तिसऱ्याच्या पाठोपाठ लगेच चौथ्याची. एकाच दारातून दोघे अर्ध्या फेऱ्याच्या अंतराने ओढतात, एकाचा घोट पुरता संपलेला नसताना दुसऱ्याचा सुरू होतो, आणि त्यानंतर ते दार जवळजवळ एक फेरा स्वस्थ असते. दोघांच्या वाट्याला येणारे मिश्रण अगदी सारखे कधीच नसते. त्या नळावरच्या भांडणासारखे आहे हे : घागर कोणाची आधी लागली यावर कोणाला किती पाणी मिळाले ते ठरते, आणि नगरपालिकेने बाहेरचा पाइप मोठा केला म्हणून नळावरचे भांडण मिटत नाही.

वेबरची कीर्ती ज्या गाड्यांनी वाढवली त्या आठवून पाहिल्या. साठच्या दशकातल्या अल्फा रोमियोच्या ट्विन कॅम इंजिनावर दोन वेबर, म्हणजे चार नळ्या. लोटस एलानवरही तेच. प्रत्येक सिलिंडरला स्वतःचे दार आणि प्रत्येक दाराला स्वतःची नळी, असे जिथे आहे तिथे वेबरचे सारे गुण खुलतात. एमजीबीवर मात्र दोन दारांना दोन नळ्या एवढेच जमते, आणि माझ्या दोन एसयूंनीही नेमके तेच केलेले आहे. एका दाराला एक तोंड. दोन एसयू काढून एक वेबर बसवणे म्हणजे दोन तोंडांच्या जागी दोन तोंडेच बसवणे, फक्त ती मोठी आणि ठरावीक मापाची. साध्या, न बदललेल्या इंजिनाची ताकद ९५ अश्वशक्ती, आणि तेवढ्यासाठी लागणारी हवा आत जाऊ द्यायला दीड इंची दोन एसयू कमी पडत नाहीत. हेडची दारे घासून मोठी केली, कॅमशाफ्ट तीव्र बसवली, कॉम्प्रेशन वाढवले, म्हणजे कुठे मिनिटाला ५,००० फेऱ्यांच्या पुढे त्यांची धाप लागू लागते. स्पेशल ट्यूनिंग विभागाने वेबर बसवला तो अशा इंजिनांवर. माझी गाडी ५,००० फेऱ्यांपर्यंत वर्षातून फार तर दोनदा जाते, आणि तेव्हाही मीच घाबरून पाय काढते.

दारांचा हा मुद्दा पटल्यानंतर बाकीच्या गोष्टी आपोआप एका बाजूला कलत गेल्या. एसयूवर डिस्ट्रिब्युटरसाठी, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागासाठी, व्हॅक्यूमची एक बारीक नळी असते, जी हलक्या पायाने चालताना ठिणगी थोडी आधी पाडून पेट्रोल वाचवते. वेबर बसवताना ती बहुतेकदा बंद करून टाकली जाते. दुसरी गोष्ट पेट्रोलची. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, जे जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही आणि मिश्रणही किंचित पातळ करते, म्हणून मी महागडे ५ टक्केवालेच भरते. पण हा त्रास दोन्ही कार्ब्युरेटरांना सारखाच. कायद्याची अडचण नव्हती, विमा कंपनीला कळवले की पुरे होते. वेबरच्या बाजूने प्रामाणिकपणे एवढे मात्र मांडायला हवे की तो बोल्ट काढून बोल्ट लावण्याचा बदल आहे. जुने एसयू कपाटात जपून ठेवले तर परतीची वाट मोकळी राहते. कोणाच्या गाडीवरचे एसयू मागेच हरवले असतील, किंवा इंजिन नाहीतरी उघडून हेड बदलायचेच असेल, तर मी स्वतः त्याला वेबर घे असेच सांगेन.

एका रविवारी कोल्हापूरला फोन लावला. काकांच्या ॲम्बॅसेडरचे मिस्त्री, ज्यांना मी मामा म्हणते, आता ऐंशीला टेकले आहेत, गॅरेज मुलगा चालवतो, आणि बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आल्यापासून नव्या दुचाक्यांवरचेही कार्ब्युरेटर गेल्यामुळे मामांचे हे ज्ञान विचारायला फारसे कोणी येत नाही. मी सगळी हकीकत सांगितली. वेबर, हेडची दारे, फेऱ्या, अश्वशक्ती. पलीकडे बराच वेळ शांतता होती, फोन कटला की काय असे वाटेपर्यंत. मग मामा म्हणाले, "पोरी, कार्बोरेटर बदलायचा मागनं. आधी हवा कुठनं घेतीया ते बघ की. पॉइंट बघ, टायमिंग बघ, स्पिंडल हलतोय का बघ. समदं बघून झालं आन् तरीबी अडली, मग जेटाला हात लाव." आणि जराशाने, "डॅशपॉटात तेल हाय न्हवं?"

मी म्हणाले, असणारच.

नव्हते. त्या दुपारी पुढच्या एसयूची टोपी फिरवून काढली तर काडी कोरडी ठणठणीत बाहेर आली. मागच्यात तेल होते, तेही तळाशी. म्हणजे पाय दाबला की पुढचा पिस्टन अडवायला कोणी नसल्याने सरळ वर उडत होता, मिश्रण दाट होण्याऐवजी क्षणभर पातळ होत होते, आणि मी ज्याला कार्ब्युरेटरचे म्हातारपण समजत होते ती चमचाभर तेलाची उणीव होती. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण मी इतरांच्या बाबतीत मोठ्या ऐटीत वापरलेली आहे. गॅरेजातल्या गृहस्थांनी टोपी उघडून पाहिली नाही हे खरे, पण गाडी माझ्याकडे आठ वर्षे होती आणि टोपी हाताने फिरते.

तरीही एका चमच्याने सगळे प्रश्न सुटले असे नाही. पुढची अडखळ बरीच कमी झाली, पण उभ्या गाडीचे ते वरखाली होणे तसेच राहिले. मग इंजिन चालू ठेवून मागच्या कार्ब्युरेटरच्या थ्रॉटल स्पिंडलच्या, म्हणजे हवेची झडप फिरवणाऱ्या दांडीच्या, टोकाशी क्लीनरचा बारीक फवारा मारला, आणि इंजिनाचा सूर ताबडतोब बदलला. हवा तिथून घेत होती. पन्नास वर्षे मागेपुढे फिरून स्पिंडलने ॲल्युमिनियमच्या अंगात आपले भोक मोठे करून घेतले होते. थ्रॉटल उघडा असताना एवढ्याशा चोरट्या हवेने बिघडत नाही, पण उभ्या गाडीत, जेव्हा वाट जवळजवळ बंद असते, तेव्हा ही चोरीच मुख्य पुरवठा होऊन बसते. पेट्रोलच्या वाढलेल्या खर्चाचे कारण आणखी तिसरीकडेच निघाले. डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी तोंडात धरून ओढली आणि टोकाला जीभ लावली. आतला पडदा शाबूत असेल तर जीभ चिकटून राहते. माझी राहिली नाही. पडदा फाटला होता, त्यामुळे ठिणगी आधी पडणे केव्हाचे थांबले होते, आणि शिवाय त्या फटीतूनही हवा आत जात होती. वेबर बसवला असता तर ही नळीच बंद झाली असती, फाटका पडदा कोणाला कळलाही नसता, आणि गाडी सुधारली याचे श्रेय वेबरला मिळाले असते.

तीन कारणे हाती आल्यावर निर्णय सोपा व्हायला हवा होता. झाला नाही. त्याच आठवड्यात एका माणसाने आपली शर्यतीची गाडी मोडून काढलेला ४५ डीसीओई, मॅनिफोल्डसकट, नव्याच्या निम्म्या किमतीत विकायला काढला, आणि मी तो पाहायला गेले. तो जड होता, थंड होता, आणि हातात धरल्यावर त्याच्याकडे काही कारण मागण्याची इच्छा होत नव्हती. आतले जेट कुठल्या इंजिनासाठी निवडलेले, त्याचा गळा किती मापाचा, हे विकणाऱ्यालाही सांगता येईना. मी चार दिवसांचा अवधी मागून घेतला.

त्या चार दिवसांत नवऱ्याने एकच प्रश्न विचारला, "गाडी नीट चालायला लागली तर मग तू शनिवारी करणार काय?" तो विनोद होता, पण त्यात तथ्य होते. हौसेला मोल नसते हे मला मान्य आहे. कोणी केवळ त्या आवाजासाठी वेबर लावला तर त्याने काही गुन्हा केला असे मी म्हणणार नाही. पैठणी काही थंडी वाजते म्हणून कोणी घेत नाही. माझी अडचण इतकीच होती की मी आवाजाची हौस ताकदीच्या, दुरुस्तीच्या आणि काटकसरीच्या नावाखाली खपवू पाहत होते. ती नावे एकेक करून गळून पडल्यावर नुसता आवाज उरला, आणि नुसत्या आवाजासाठी मी त्या दोन दारांच्या हेडवर एवढे ओझे टाकायला तयार आहे का, असा प्रश्न सरळ विचारता आला. उत्तर नाही असे आले. आले ते काहीसे खट्टू होऊनच. चौथ्या दिवशी मी त्या माणसाला कळवले, तर वेबर दुसऱ्याच दिवशी विकला गेला होता, असे त्याने अगदी आनंदाने सांगितले.

दोन्ही एसयू काढून त्यांची अंगे भोके रुंदावून नवे बुश बसवण्यासाठी पाठवली. नवे स्पिंडल, नवे जेट, नव्या सुया, फ्लोटचे नवे व्हॉल्व्ह, इथेनॉलला न घाबरणाऱ्या नळ्या आणि डिस्ट्रिब्युटरसाठी नवी व्हॅक्यूम डबी, हे सगळे मिळून वेबरच्या संचाच्या निम्म्यातही बसले. घरी परत आल्यावर त्यांना बसवणे हा माझ्या आयुष्यातल्या चांगल्या शनिवारांपैकी एक होता. पिस्टन वर उचलून हात सोडला की तो जेटच्या कडेवर 'टक्' असा स्वच्छ आवाज करून खाली बसला पाहिजे. सुई जराशी जरी कडेला घासत असेल तर तो आवाज बोथट होतो. मागचा पहिल्याच खेपेला बसला. पुढच्याने सव्वा तास घेतला.

दोन कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवण्यासाठी बाजारात उपकरणे मिळतात, पण मी मामांच्या गॅरेजात पाहिलेली रबरी नळी वापरली. एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, दुसरे कानाशी. आत शिरणाऱ्या हवेचा सुस्कारा ऐकू येतो. पुढच्याचा ऐकायचा, मागच्याचा ऐकायचा, स्क्रू पाव फेरा फिरवायचा, पुन्हा ऐकायचे. तंबोऱ्याच्या तारा लावताना जसा एक क्षण असा येतो की दोन सूर दोन राहत नाहीत, तसा तो इथेही येतो. मग मिश्रण. पिस्टन खालच्या बारीक पिनेने अगदी किंचित उचलायचा. इंजिनाचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर मिश्रण दाट, पडला तर पातळ, आणि क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाला तर बरोबर. जेटच्या खालचे सहा पैलूंचे नट एकेक पैलू फिरवत मी तिथपर्यंत पोहोचले तेव्हा अंधार पडला होता आणि शेजाऱ्यांच्या खिडकीचा पडदा दोनदा हलला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बी ४५०७वर गेले. चावी फिरवताच मागच्या बाजूला पेट्रोलचा पंप टकटक करून फ्लोट चेंबर भरले की गप्प झाला, हेही मी कित्येक महिन्यांत लक्ष देऊन ऐकले नव्हते. अफिंग्टनच्या पांढऱ्या घोड्याच्या खालच्या वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये उतरून पाय दाबला, आणि जमीन पायाखाली होती. फार जोराचा झटका नाही, छाती भरून यावी असा आवाज नाही. पुढे ३,००० फेऱ्यांच्या आसपास हे इंजिन ज्या संथ, भरदार ओढीसाठी बांधले आहे ती ओढ मात्र सलग मिळत गेली. ॲशबरीला पोहोचून मी चहा न पिताच परत फिरले, कारण तेच वळण उलट्या बाजूने घ्यायचे होते.

घरी आल्यावर मामांना फोन केला. त्यांनी पहिले काय विचारले तर, "प्लग काढून बघितलास काय?" नव्हते बघितले. इंजिन निवल्यावर चारही प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले आणि त्यांचा फोटो कोल्हापूरला पाठवला. चारही विटकरी, कोरडे, काजळी कुठेच नाही. पण मधल्या दोघांचा आणि कडेच्या दोघांचा रंग मात्र किंचित निराळा. मामांच्या मुलाने मामांना फोटो मोठा करून दाखवला असावा, कारण उत्तर यायला वेळ लागला. "दोन बिऱ्हाडांचा एक नळ म्हणत हुतीस न्हवं," ते म्हणाले, "मग आसंच दिसायचं."